ठिगळाचा राजा

आमच्या शाळेच्या पटांगणात एका राजाचा पुतळा आहे. घोड्याचे पुढचे पाय हवेत, राजाच्या हातात उपसलेली तलवार, छाती ही एवढी आणि मिशा वाऱ्यावर. हा माणूस जन्मात कधी घोड्यावर बसला असेल असं मला वाटत नाही. तो माळी होता. त्याला राजा केलं माझ्या वडिलांनी, दोन बोटं खळ लावून. हे मला तेहतीस वर्षांपासून माहीत आहे, आणि त्याच्याही वर्षभर आधीपासून मी याच शाळेत इतिहास शिकवते. पुढच्या महिन्यात निवृत्त होईन. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्याबद्दल जे काय गोड बोलायचं ते लोक बोलतीलच. त्याआधी आप्पांबद्दल खरं काय ते एकदा लिहून टाकते.

आप्पा म्हणजे माझे वडील. पुराणवस्तूंच्या सरकारी कचेरीत ते ठसेवाले होते. जुन्या दगडांवर लेख कोरलेले असतात, ते दगड काही उचलून साहेबांच्या टेबलावर आणता येत नाहीत. मग त्यांचा कागदावर ठसा घ्यायचा. आधी दगड पाण्याने घासून शेवाळ काढायचं, त्यावर ओला कागद चढवायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि जाड ब्रशने तो असा ठोकायचा की अक्षरांच्या खाचांत जाऊन बसला पाहिजे. अर्धवट सुकला की शाईत भिजवलेला कापडाचा बोळा वरून हलक्या हाताने टेकवत जायचं. सपाट भाग काळा होतो, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. मग कागद सोलून घ्यायचा. सांगायला दोन मिनिटं लागतात, शिकायला आप्पांना चार वर्षं लागली. जास्त ठोकलं तर कागद फाटतो, कमी ठोकलं तर अक्षर उठत नाही, आणि शाईची घाई केली तर सगळा चिखल.

त्यांची नखं कायम काळी असायची. आई म्हणायची, "मला माणसाला दिलं म्हणून सांगितलं होतं, निघाली दौत." घरातल्या प्रत्येक पांढऱ्या भिंतीवर दाराच्या कडेला त्यांच्या चार बोटांची खूण होती. वस्तू बघायची म्हणजे हात लावायचा, ही त्यांची सवय. मी परीक्षेचा निकाल आणला की तोही ते बोटाने वाचायचे, जणू छापलेल्या आकड्यांखाली काही वेगळं कोरलेलं असेल.

शाळा त्यांची चौथीत सुटली होती. पण अक्षरांवर बोटं फिरवून फिरवून त्यांना आठशे वर्षांपूर्वीची लिपी वाचता यायला लागली. म्हणजे साहेब समोर नसेपर्यंत वाचता यायची. साहेब आले की यायची नाही. कचेरीत कुणाला काय येतं हे हुद्द्यावर ठरतं, आणि ठसेवाल्याला ठसे येतात. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, "दगडाला पोट नसतं, म्हणून तो खोटं बोलत नाही. खोटं बोलणारे आपण, पोटवाले." मला लहानपणी हे वाक्य फार आवडायचं. आता चीड येते.

आमच्या भागावर त्या काळी ज्या घराण्याचं राज्य होतं त्याचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी अंगावर घेतलं होतं. सव्वादोनशे वर्षांचं राज्य, अकरा राजे. देवळं बांधली, शेजारच्या राजांशी लढले, घरात भावाभावांनी एकमेकांचे गळे धरले, आणि पापं जास्त झाली की देवळाला गाव दान देऊन दगड उभा केला. असे दगड आहेत म्हणून तर ते राजे आज आपल्याला माहीत. पण सहाव्या राजाचा शेवटचा दगड आणि त्याच्या पुढच्याचा पहिला दगड यांत एकतीस वर्षं कोरडी जात होती. तेवढा काळ गादीवर कोण होतं याचा पत्ता नाही. साहेबांचं पुस्तक तिथे येऊन अडलं होतं.

मग डोंगरावरच्या देवळातला एक लेख उजेडात आला. सभामंडपाच्या भिंतीत बसवलेली पुरुषभर उंचीची शिळा, बेचाळीस ओळी, आणि त्यात म्हणे घराण्याची वंशावळ पहिल्यापासून दिलेली. साहेबांनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा तेव्हा सत्तावीस वर्षांचे, सहा वर्षं रोजंदारीवर, घरात दोन वर्षांची मी. साहेब म्हणाले, "हा ठसा नीट आणलास तर तुला कायम करतो." आणि मोजून तीन मोठे कागद हातावर ठेवले.

पहिला कागद आप्पांनी धांदलीत फाडला. दुसरा छान उठला, तो उन्हात वाळत घातला आणि बकरीने खाल्ला. हसू नका, खरंच खाल्ला. आप्पा तिच्यामागे अर्धा डोंगर धावले आणि त्यांच्या हाती पहिल्या तीन ओळी लागल्या. तिसऱ्या कागदाला मात्र त्यांनी जीव लावला. दिवसभर जेवले नाहीत. एक एक अक्षर पांढरं शुभ्र उठलं. आणि सोलून काढताना वाऱ्याची झुळूक आली, कागद फडफडला आणि मधोमध, अठराव्या ते विसाव्या ओळीत, तळहाताएवढं भोक पडलं. तो तुकडा दगडालाच चिकटून राहिला आणि नखाने काढायला गेल्यावर त्याचा भुगा झाला.

आता खरं म्हणजे परत जायचं, साहेबांना सांगायचं, नवा कागद घेऊन यायचं. पण येण्याजाण्यात चार दिवस जाणार आणि "नीट आणलास तर" हे शब्द कानात. फाटलेला कागद पुढे फाटत जाऊ नये म्हणून त्याला मागून ठिगळ लावतात, ही त्या कामातली रोजची रीत. ते कोऱ्या कागदाचं लावायचं असतं. आप्पांकडे कोरा कागद नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी हात बसवायला म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवरच्या एका लहान दगडाचा ठसा घेतला होता, तो बिघडलेला ठसा पिशवीत होता. देवळाची बाग राखणाऱ्या एका माळ्याने ती विहीर खणली, झाडं लावली, तहानलेल्यांची सोय केली, त्याच्या नावासकट एवढंच त्या दगडावर होतं. आप्पांनी त्यातला तळहाताएवढा तुकडा कापला आणि भोकाच्या मागून चिकटवला. दोन्ही दगड एकाच कारागिराने कोरलेले, अक्षराचं वळण तेच, उंची तीच. समोरून बघितलं तर भोक होतं असं कुणी म्हणालं नसतं. आप्पांना स्वतःच्या हातसफाईचं थोडं कौतुकही वाटलं, असं त्यांनीच मला सांगितलं.

साहेबांना सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण साहेब आठ दिवस रजेवर. तोपर्यंत कचेरीतल्या दफ्तरीने रीतीप्रमाणे तो कागद कापडावर चढवून टाकला, म्हणजे पाठ झाकली गेली. साहेब रजेवरून आले, कागद टेबलावर पसरला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीतून आरोळी आली. सगळी कचेरी धावली. साहेब खुर्चीवर उभे होते. सहाव्या राजाच्या स्तुतीनंतर त्यांना "त्याचा पुत्र" या अर्थाचे शब्द दिसले होते, त्याखालच्या ओळीत, म्हणजे ठिगळावर, एक नाव, आणि त्याखाली पाण्याचा उल्लेख. अख्खा नवा राजा! सातवा! एकतीस वर्षांचा धनी सापडला होता.

साहेबांनी आप्पांना सगळ्यांसमोर मिठी मारली. स्वच्छ कपड्यांतल्या साहेबांनी शाईच्या माणसाला मिठी मारल्याचं कचेरीत कुणी पाहिलं नव्हतं. आप्पांनी "साहेब, एक सांगायचं होतं" असं सुरू केलं, तर साहेब म्हणाले, "काही सांगू नकोस, तुझी ऑर्डर उद्या काढतो." आणि खरंच काढली. त्या दिवशी आईने शेजारणींना बोलावून दोनदा चहा पाजला. आप्पा म्हणाले, उद्या सांगू. मग परवा सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. उघडल्यावर तिच्यात आपल्याच नोकरीचा कागद निघणार असेल तर माणूस ती जन्मभर आवळून धरतो.

पुस्तक आलं. अकराचे बारा राजे झाले. ठिगळाच्या कडेला अर्धी तुटलेली अक्षरं साहेबांनी चौकोनी कंसात स्वतःच्या मनाने पुरी केली होती, आणि त्या कंसांतून तळी निघाली, कालवे निघाले, "जलव्यवस्थेचा जनक" निघाला. पुढच्या पुस्तकवाल्यांनी कंस काढून टाकले. मग तो क्रमिक पुस्तकात शिरला. एका चौकाला त्याचं नाव पडलं, पाण्याच्या टाकीला पडलं, आणि माझ्या नोकरीच्या सुरुवातीलाच आमच्या शाळेलाही पडलं. लढाईशिवाय राजा शोभत नाही म्हणून कुणीतरी त्याला दोन लढायाही जिंकून दिल्या.

मी पंचवीस वर्षांची असताना, नोकरीला लागून वर्ष झालं होतं तेव्हा, एका रविवारी सकाळी मी उद्याचा धडा मोठ्याने वाचत बसले होते. आप्पा मोरीत हाताला साबण लावत होते. मी वाचलं, "सातव्या राजाने प्रजेच्या तहानेची काळजी वाहिली." आप्पा हसायला लागले. त्यांचं हसणं थांबेना. मग ते माझ्यासमोर ओल्या हातांनी येऊन बसले आणि बकरीपासून खळीपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. मग त्यांचे डोळे बघितले.

"आप्पा, हे कुणाला बोललात?"

"तुझ्या आईलापण नाही. तू इतिहासाची मास्तरीण, म्हणून तुला सांगितलं. काय करू या आता?"

"काही करायचं नाही. तुम्ही गप्प बसा. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आप्पांना वाटलं असावं. ते म्हणाले, "बरं. तू कायम हो." मोरीत जाऊन त्यांनी पुन्हा हात धुवायला घेतले.

ते निवृत्त होईपर्यंत थांबले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, साहेबांकडे जायचंय." मी तेव्हा तेहतीस वर्षांची, चांगली कायम झालेली. नाही म्हणायला सबब उरली नव्हती.

साहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरात पुस्तकांची कपाटं, भिंतीवर मानपत्रं. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. आप्पा खुर्चीच्या टोकावर बसले आणि त्यांनी सांगितलं. एकही गोष्ट वगळली नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"तुला काय वाटलं, मला कळलं नव्हतं?"

आप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"उभा जन्म ठसे वाचण्यात गेला माझा. ठिगळाची कड बोटाला लागत नाही होय मला?"

"मग साहेब, तुम्ही..."

"एकतीस वर्षं रिकामी होती. तिथे कोणीतरी असणारच की. राज्य काय वाऱ्यावर चाललं होतं? मला राजा हवा होता, तू नाव आणलंस, मी बसवलं."

"पण ते माळ्याचं नाव आहे."

"होतं. आता राजाचं आहे." मग साहेबांचा आवाज खाली आला. "हे बघ, तू कागद आणायचा, मी वाचायचा, असं आपलं ठरलेलं. तुझं काम तू चोख केलंस. आता म्हातारपणी हात दाखवून अवलक्षण करू नकोस. लोक पहिला प्रश्न विचारतील, तुझी नोकरी कशी कायम झाली?"

आप्पा उठले. दाराशी वळून म्हणाले, "दगड आहे ना साहेब अजून. मी दगडच दाखवीन सगळ्यांना. अठरा ते वीस ओळींत खरं काय आहे ते त्यात असेलच." मी मागे मान खाली घालून उभी होते आणि मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं, कारण साहेबांनी माझंही म्हणणं परस्पर मांडलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही डोंगर चढलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण पायऱ्या अशा चढत होता की मी मागे पडले. खांद्याला पिशवी, तिच्यात ब्रश, बोळा, शाई आणि कागद. या वेळी कागद सहा घेतले होते, स्वतःचे. वाटेत मला म्हणाले, "बकरी दिसली तर सांग." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पायथ्याची विहीर बुजवून तिथे गाड्या लावायची जागा केली होती. विहिरीवरचा दगड कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं. कुठल्यातरी पायरीत उपडा घातला असेल, असं तिथला रखवालदार म्हणाला. आप्पा "असू दे, असू दे" म्हणत वर निघाले.

देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. सातव्या राजाच्या स्मारक समितीने केला होता. तिचे अध्यक्ष म्हणजेच आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, भला माणूस, हौशी. सभामंडपात फरशी घातलेली, दिवे लावलेले आणि शिळेभोवती पितळी कठडा. शिळा नवीकोरी दिसत होती. झिजलेली अक्षरं येणाऱ्यांना वाचता यावीत म्हणून समितीने कारागीर लावून ती सगळी पुन्हा खोल कोरून घेतली होती. साहेबांच्या छापील पुस्तकावरून.

आप्पा कठडा ओलांडून आत गेले. देवळाचा रखवालदार ओरडला, त्यांनी लक्ष दिलं नाही. एकेक ओळ मोजत बोट खाली आणलं. अठरावी. एकोणिसावी. तिथे, जिथे आप्पांच्या कागदाला भोक पडलं होतं, तिथे दगडात माळ्याचं नाव होतं. पाणीही होतं. साहेबांनी कंसात घातलेले शब्दसुद्धा कारागिराने बिनकंसाचे कोरले होते. दगडावरची रेघ म्हणतात ती ही.

त्यांनी सगळी दहा बोटं त्या तीन ओळींवर फिरवली. खाली जुनं काही लागतंय का म्हणून नख घातलं. छिन्नीचे घाव इतके खोल होते की जुनं सगळं उडून गेलं होतं. त्या दिवशी ठोकण्याच्या नादात आप्पांनीही त्या ओळी वाचल्या नव्हत्या, त्यामुळे तिथे मुळात काय लिहिलेलं होतं हे आता कधीच कुणाला कळणार नाही. कदाचित एवढंच असेल की सहावा राजा फार म्हातारा होईपर्यंत जगला आणि त्याला दगड उभे करायचा कंटाळा आला.

"आप्पा, चला," मी म्हणाले.

"दगड खोटं बोलायला लागला," ते म्हणाले. मोठ्याने नाही, मला ऐकू येईल इतकंच. रखवालदाराने त्यांचा दंड धरून त्यांना कठड्याबाहेर काढलं. सहाही कागद कोरे परत आले.

त्यानंतर त्यांनी कचेरीला पत्रं लिहिली. एकोणीस वर्षांत अकरा. पहिल्याला उत्तर आलं, की विषय तज्ज्ञांच्या विचाराधीन आहे. चौथ्याला आलं, की मूळ शिळेवरचा मजकूर व ठसा यांची पडताळणी केली असता दोन्ही तंतोतंत जुळतात. हे उत्तर वाचून आप्पा इतके हसले की आई पाण्याचा पेला घेऊन धावली. मग आई गेली. साहेबही गेले. वृत्तपत्रांत साहेबांवर लेख आले, सातव्या राजाचा शोध लावणारे म्हणून. मग आप्पांचं एक अंग वाऱ्याने लुळं पडलं. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख.

सातव्याच्या शोधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा समितीचे अध्यक्ष आमच्या घरी आले. पन्नास वर्षांचा मोठा समारंभ शाळेच्या सभागृहात ठेवलाय, म्हणाले, आणि ज्या हातांनी तो ठसा घेतला त्या हातांचा सत्कार व्हायलाच हवा. मी तोंड उघडणार, तोच आप्पांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "येतो." अध्यक्ष भारावले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, जूनपासून शाळा तुमच्याकडेच सोपवायची म्हणतोय. सगळ्यांचं एकमत आहे."

आप्पांनी तीन दिवस बसून डाव्या हाताने एक कागद लिहिला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं उठवली त्याची स्वतःची अक्षरं मुंगळ्यासारखी तिरकी चालत होती. सहा ओळी. "डोंगरावरच्या शिळेचा ठसा माझ्या हातून फाटला. मी विहिरीवरच्या दगडाचं ठिगळ लावलं. ते नाव माळ्याचं आहे, राजाचं नाही. असा राजा झाला नाही. माझी नोकरी जाईल म्हणून मी बोललो नाही. त्या माळ्याची आणि तुमची माफी मागतो." कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "माझं... बोलणं... कळत नाही. तू वाच. तुझा आवाज... शेवटच्या बाकापर्यंत जातो."

मी म्हणाले, "हो."

तेव्हा मी खरंच वाचणार होते. म्हणजे मला तसं वाटत होतं.

सभागृह गच्च भरलेलं. पुढे मुलं, मागे पालक, मंचावर साहेबांचा मोठा फोटो. आप्पांना मानपत्र दिलं, टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "आता त्यांचं मनोगत त्यांची कन्या, आपल्या लाडक्या बाई, वाचून दाखवतील." मी माइकपाशी गेले. कागद उघडला. पहिल्या रांगेत माझाच वर्ग होता, सातव्या राजाची जलव्यवस्था तोंडपाठ असलेला. अध्यक्ष हसून मान डोलवत होते. आप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले होते, डावा हात गुडघ्यावर, डोळे माझ्यावर. पन्नास वर्षं पोटात धरलेलं आता बाहेर पडणार, म्हणून चेहरा असा निवांत, की मला आजही तो डोळ्यांपुढून हलवता येत नाही.

मी कागदाकडे बघून वाचलं, "मी एक साधा कामगार. माझ्या हातून एवढ्या थोर राजाच्या शोधाला हातभार लागला, हे माझं भाग्य. साहेबांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे."

कुठेही अडखळले नाही. निरोपाची आणि आभाराची भाषणं लिहिण्यात माझा हातखंडा आहे. टाळ्या थांबेनात. आप्पांना लोक फाडून खातील, या वयात त्यांची शोभा होईल, म्हणून मी असं केलं, असं मी पुढे वर्षभर स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. मी घाबरले, आणि मला जूनमध्ये मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसायचं होतं. मी बसलेही.

समितीच्या गाडीने आम्हाला घरी सोडलं. वाटेत ड्रायव्हर सातव्या राजाबद्दल कौतुकाने बोलत होता, आप्पा खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर मी त्यांना पलंगावर बसवलं आणि खाली बसून त्यांच्या बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या. वर बघायची हिंमत नव्हती. त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला. मला वाटलं, समजून घेतलं त्यांनी. मग ते बोलायला लागले. जीभ साथ देत नव्हती, एकेका शब्दाला वेळ लागत होता, आणि एकेक शब्द ते नीट, पुरा उच्चारत होते, मला नंतर ऐकू आलं नाही असं म्हणता येऊ नये म्हणून.

"माझ्या कागदावर... नाही ते... वाचणारी... तू दुसरी."